पेढीवरचे काम आणि कागदावरचे काम



गेल्या चातुर्मासातील एका रविवारी व्याख्यान आटोपून बाहेर पडत असता एक व्यापारी स्नेही मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, आज चौविहाराच्या आधी जरा घरी या. मुलाच्या ऑस्ट्रेलियाच्या अर्जाचे काम आहे. थोडे मार्गदर्शन आणि एका पत्रावर तुमची सही हवी आहे." मार्गदर्शनाला मी कधीच नाही म्हणत नाही. पण सहीचा शब्द ऐकला की बँकेतून निवृत्त होऊन वर्षे लोटली तरी मन सावध होते.

घर कल्याण रोडवरचे. तीन पिढ्या एकत्र. सुताचा व्यापार, भिवंडीतील कारखानदारांना उधारीवर सूत देणे, त्याच्या बदल्यात कधी पैसा तर कधी कोरे कापड घेणे, हा तीस वर्षांचा व्यवसाय. मुलगा एकतीस वर्षांचा, एम.कॉम. झालेला, कॉलेज संपल्यापासून पेढीवर बसतो. हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, वसुली सारे तोच पाहतो. सून एकोणतीस वर्षांची, संगणक शाखेची अभियंता, ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षे नोकरीला. दोन वर्षांची नात.

टेबलावर फाइल होती. मुंबईतील एका सल्लागाराने यादी करून दिली होती. पाच वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र पेढीच्या लेटरहेडवर, नियुक्तिपत्र पाच वर्षांपूर्वीच्या तारखेचे, आणि दर महिन्याची पगारपत्रके. "पगार रोखीने दिला असे लिहा, आणि ओळखीच्या एखाद्या बँक अधिकाऱ्याचे पत्र जोडा," असेही त्याने सुचवले होते. तो ओळखीचा बँक अधिकारी म्हणजे मी.

स्नेही म्हणाले, "साहेब, यात खोटे काय आहे? पोरगा सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत पेढीवर असतो, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. काम खरेच केले आहे. फक्त कागद नव्हता, तो आता करतो आहोत."

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नव्हता. आपल्या समाजातील शेकडो घरांत तो आज ना उद्या उभा राहणार आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देत आहे.

आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू. परदेशात कायमचे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यास गुण देऊन निवडण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तशीच पद्धत स्वीकारली. अर्जदाराचे वय, शिक्षण, इंग्रजी आणि कामाचा अनुभव यांना ठरावीक गुण असतात. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, पदवीला १५. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत चारही भागांत ७ मिळाले तर १०, आणि ८ मिळाले तर २०. परदेशातील, म्हणजे आपल्या दृष्टीने भारतातील, अनुभवाला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ५, पाच वर्षांना १० आणि आठ वर्षांना १५.

पण ६५ गुण म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याचा हक्क. आपली माहिती सरकारच्या स्किलसिलेक्ट या प्रणालीत भरायची. ती दोन वर्षे तेथे राहते, आणि तिला शुल्क नाही. जास्त गुणांचा अर्जदार पुढे जातो. निमंत्रण आले तरच प्रत्यक्ष व्हिसाचा अर्ज करता येतो, आणि तोही ६० दिवसांच्या आत.

येथेच राज्य सरकारांची भूमिका येते. आपल्या महाराष्ट्राप्रमाणे तेथेही राज्ये आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा राज्यांना केंद्र सरकार दरवर्षी काही जागा ठरवून देते. आपल्या प्रदेशाला कोणत्या व्यवसायाची माणसे हवीत हे राज्य ठरवते आणि निवडलेल्या अर्जदाराचे नामांकन करते. १९० क्रमांकाच्या व्हिसासाठी राज्याचे नामांकन मिळाले तर ५ गुण वाढतात, आणि हा व्हिसा पहिल्या दिवसापासून कायमचा असतो. ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी नामांकन मिळाले तर १५ गुण वाढतात. पण तो पाच वर्षांचा तात्पुरता असतो आणि त्या काळात प्रादेशिक भागातच राहावे व काम करावे लागते. तीन वर्षे अट पाळून, कर भरल्याचे दाखले देऊन १९१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. कॅनडातही प्रांतांच्या नामांकनाची अशीच योजना आहे. तेथील एक्सप्रेस एंट्री पद्धतीत प्रांताच्या नामांकनाला ६०० गुण मिळतात, यावरून त्याचे वजन कळावे.

आता त्या फाइलकडे वळू. मुलाचे वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, आणि पत्नीला पुरेसे इंग्रजी येते म्हणून ५, असे ६० गुण होत होते. सल्लागाराला पाच वर्षांच्या अनुभवाचे आणखी १० हवे होते. साठ पगारपत्रकांचा तो खटाटोप या दहा गुणांसाठी होता.

मी स्नेह्यांना विचारले, "पाच वर्षांत मुलाच्या खात्यात पेढीकडून पगार म्हणून एक रुपया तरी जमा झाला आहे का? त्याच्या आयकर विवरणपत्रात पगाराचे उत्पन्न आहे का? पेढीच्या खर्चात त्याचा पगार दाखवला आहे का?" तिन्ही प्रश्नांना नकार आला. लागतील तसे पैसे गल्ल्यातून घ्यायचे आणि लग्नकार्यात वडिलांनी खर्च करायचा, ही आपली जुनी रीत. मुलाच्या विवरणपत्रात थोडे व्याज आणि थोडे कमिशन एवढेच.

अर्ज तपासणारा अधिकारी बँकेतल्या कर्ज अधिकाऱ्यासारखाच असतो. वडिलांनी मुलाला दिलेले पत्र म्हणजे घरच्याने घरच्याला दिलेली साक्ष. तो ती बाजूला ठेवतो आणि तिसऱ्या ठिकाणचा पुरावा मागतो. बँकेतील जमा, आयकर, भविष्यनिर्वाह निधी. पगारपत्रक एक सांगते आणि विवरणपत्र दुसरेच, असे दिसले की त्याला आणखी काही शोधावे लागत नाही. बँकेत असताना कर्जाच्या फाइलींमध्ये मी असे पुष्कळ पाहिले आहे. पाच वर्षांची पत्रके एकाच शाईने, एकाच दिवशी, एकाच हाताने लिहिलेली. सही मात्र दर महिन्याची. असा कागद बोलतो.

आणि पकडले गेल्यावर काय होते? ऑस्ट्रेलियाच्या नियमांत ४०२० क्रमांकाचा एक निकष आहे. बनावट कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळली तर व्हिसा नाकारला जातो आणि पुढील तीन वर्षे तेथील बहुतेक व्हिसांचा मार्ग बंद होतो. ओळखच खोटी सांगितली असेल तर दहा वर्षे. हा निर्बंध अर्जात सामील असलेल्या कुटुंबीयांवरही येतो. म्हणजे मुलाच्या साठ पत्रकांमुळे सुनेची आणि नातीचीही वाट अडली असती. भरलेले शुल्क परत मिळत नाही. मुख्य अर्जदाराचे शासकीय शुल्कच साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे; जोडीदाराचे आणि मुलांचे वेगळे.

पण दंडाच्या भीतीने खोटे टाळणे ही आपली शिकवण नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव कूटलेखक्रिया. कूट म्हणजे खोटा, लेख म्हणजे दस्तऐवज. खोटे बोलणे वेगळे आणि खोटा लेख करणे वेगळे, हे आपल्या आचार्यांनी कित्येक शतकांपूर्वी ओळखून त्याला स्वतंत्र जागा दिली. समोर व्यापारी श्रावक बसलेला आहे, त्याच्या हातात लेखणी आणि वही आहे, याची त्यांना पुरती जाणीव असली पाहिजे.

स्नेह्यांचा मुद्दा मला समजत होता. काम खरे होते. पण मागील तारखेचा कागद काम झाले एवढेच सांगत नाही. त्या तारखेला नियुक्ती झाली, इतका पगार ठरला आणि तो दिला गेला, असे तो सांगतो. यातले काहीही घडलेले नव्हते. मी सही करणार नाही, असे हात जोडून सांगितले. खोलीत काही वेळ शांतता पसरली. मैत्रीत अशी शांतता जड असते.

ती मोडली सुनेने. आतून पाणी घेऊन आली होती, ती तेथेच थांबली आणि म्हणाली, "काका, माझे सगळे कागद आहेत. सहा वर्षांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, पीएफ. मुख्य अर्जदार मी झाले तर चालेल का?"

चालते. नियमाप्रमाणे पती-पत्नींपैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो, दुसरा जोडीदार म्हणून सोबत जातो. आम्ही तेथेच कागद घेऊन बसलो. वयाचे ३०, अभियांत्रिकी पदवीचे १५, इंग्रजीचे १०. संगणक व्यवसायाची कौशल्य तपासणी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते. शाखेशी संबंधित पदवी असली तरी सुरुवातीची दोन वर्षे ती सामान्यतः अनुभवातून वगळते. म्हणून सहापैकी चार वर्षे धरली, त्याचे ५. पतीने इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ६ मिळवले तर आणखी ५. एकूण ६५. राज्याच्या १९० नामांकनासह ७० आणि ४९१ नामांकनासह ८०. त्यात एकही गुण उसना नव्हता. तिने नेटाने अभ्यास करून इंग्रजीत ८ मिळवले तर आणखी १० वाढणार होते.

माझ्या मते हा आनंदाचा क्षण होता. स्नेह्यांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे मुलगा सुनेच्या अर्जावर जाणार? समाजात काय सांगू?" मुलगा खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "पप्पा, माझ्या नावावर कागद नाही, हे आपणच केले ना?" त्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य वडिलांना लागले असावे.

तेवढ्यात कोपऱ्यात माळ घेऊन बसलेल्या त्यांच्या मातोश्री, ज्यांना घरात सारे 'बा' म्हणतात, बोलल्या. हे कुटुंब हालारी विसा ओसवाल. जामनगरजवळील हालार प्रांतातून हा समाज बाहेर पडला तो मुख्यतः दुष्काळाने. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ आजही त्यांच्या घरांत आठवला जातो. त्याच सुमारास काही जण गलबतातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाला गेले, पुढे केनियात पसरले. काही मुंबई आणि भिवंडीकडे वळले. बांच्या माहेरचे लोक केनियातले. त्यांनी विचारले, "तिथे पहिल्या दिवशी कोणाच्या घरी उतरणार?"

त्या एका प्रश्नात शंभर वर्षांचे स्थलांतर होते. त्या काळी नामांकन आप्ताचे असे. आधी गेलेला मामा किंवा काका पत्र लिही, मुलगा त्याच्या दुकानात उतरे, तेथेच झोपे, उमेदवारी करी आणि काही वर्षांनी स्वतःचे दुकान थाटी. गुण मोजायला कोणी नव्हते, पण शब्द पाळला नाही तर पुढच्या मुलाला कोणी बोलावत नसे. पुढे केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. ब्रिटिश पारपत्र हातात असलेले हजारो भारतीय वंशाचे लोक इंग्लंडची वाट धरू लागले, तेव्हा मार्च १९६८ मध्ये ब्रिटनने अवघ्या काही दिवसांत कायदा मंजूर करून त्यांचा प्रवेश आवळला. तरीही जे पोहोचले त्यांनी नव्याने मांडणी केली. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे केंद्र आणि देरासर आज उभे आहे. परदेशाचे दार उघडे असते, पण त्याची कडी आपल्या हातात नसते, हे या समाजाला कोणी शिकवायला नको.

बांच्या प्रश्नाला राज्य-नामांकनाच्या संदर्भात आणखी एक अर्थ आहे. प्रादेशिक भाग म्हणजे आडगाव नव्हे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता बाकीचा देश त्यात येतो. पर्थ आणि अॅडलेडसारखी मोठी शहरेही त्यातच धरली जातात. परंतु आपला समाज, संघ आणि नातेवाईक प्रामुख्याने ज्या सिडनी-मेलबर्नमध्ये आहेत, नेमकी तीच शहरे वगळलेली आहेत. ४९१ घेणाऱ्याने हे नीट समजून घ्यावे. नामांकन घ्यायचे अॅडलेडचे आणि विमानातून उतरल्यावर मेलबर्नला आप्तांकडे राहून काम शोधायचे, असा सल्ला काही जण सर्रास देतात. तो व्हिसाच्या अटीचा भंग आहे, आणि पुढच्या कायम व्हिसाच्या वेळी तीन वर्षांच्या वास्तव्याचा हिशेब द्यावाच लागतो. शिवाय त्या राज्याने आपल्या वाट्याची एक जागा आपल्याला दिलेली असते. ती घेऊन न राहणे म्हणजे एका व्यापाऱ्याचा माल उधारीवर उचलून दुसऱ्याच पेढीवर विकण्यासारखे आहे.

म्हणून निर्णयापूर्वी घरात बसून साधे प्रश्न विचारावेत. टास्मानियातील होबार्टमध्ये जूनच्या हिवाळ्यात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये पावणेनऊनंतर. नोकरी सांभाळून चौविहार कसा जमेल? पर्युषण तेथे हिवाळ्याच्या शेवटी येईल, प्रतिक्रमण बहुधा घरातच करावे लागेल. जवळ देरासर नसताना नातीला नवकार कोण शिकवणार? याचे उत्तर 'आम्ही शिकवू' असे असेल तर अवश्य जावे. पण उत्तर जाण्यापूर्वी द्यावे.

आता सर्व व्यापारी कुटुंबांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली आणि महत्त्वाची. मुलगा, मुलगी किंवा सून पेढीवर काम करत असेल तर आजच्या तारखेपासून ते कागदावर आणा. नियुक्तिपत्र द्या, कामाचे स्वरूप लिहा, पगार दरमहा बँक खात्यात जमा करा, व्यवसाय कर आणि आयकराची पूर्तता करा. नातेवाइकाला दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी असावा एवढेच पथ्य. परदेशी जायचे नसले तरी हाच कागद उद्या गृहकर्जाला, विम्याला आणि त्या मुलाच्या स्वाभिमानालाही उपयोगी पडतो. मागचे गेले ते गेले. पुढची तीन वर्षे अजून आपल्या हातात आहेत.

दुसरी. मुलगा पेढीत भागीदार असेल किंवा कॅश क्रेडिटला जामीनदार असेल, तर विमानात बसल्याने ती जबाबदारी संपत नाही. निवृत्तीचा लेखी करार, जाहीर सूचना आणि बँकेची लेखी मुक्तता, हे तिन्ही हवे. मुलगा परदेशात आणि त्याच्या नावाने वसुलीची नोटीस भिवंडीच्या घरी, हे दृश्य फार क्लेशदायक असते.

तिसरी. मुले अनिवासी झाली की त्यांची साधी बचत खाती एनआरओ प्रकारात बदलून घ्यावी लागतात. जुने खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलन कायद्यात बसत नाही. वडिलांना मदतीसाठी पैसे पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. नातेवाइकाच्या चरितार्थासाठी किंवा भेट म्हणून पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेली तर वरच्या भागावर बँक २० टक्के कर गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर व्यापारातले भांडवल अडकते. म्हणून आधीच नियोजन करावे.

चौथी. सल्लागार निवडताना ऑस्ट्रेलियातील नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो तेथील सरकारी संकेतस्थळावर पडताळावा. नामांकनाची हमी कोणीही देऊ शकत नाही. देणाऱ्यापासून दूर राहावे. गुण, शुल्क आणि राज्यांच्या व्यवसाय-याद्या बदलत असतात. तेथील वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्या सुमारास फेरबदल अधिक होतात. म्हणून या लेखातील आकडे अर्जाच्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावेत.

त्या घरातील पुढची हकिकत थोडक्यात. साठ पगारपत्रकांचा कोरा गठ्ठा स्नेह्यांनी त्याच रात्री फाडला, असे मुलाने मला सांगितले. सुनेने कौशल्य तपासणीचा अर्ज स्वतःच्या नावे केला. मुलगा पहाटे उठून इंग्रजीचा अभ्यास करतो. त्याचे ५ गुण आता घराचे गुण आहेत. नामांकन येईल की नाही, कोणालाही ठाऊक नाही. न आल्यास पुढच्या वर्षी पुन्हा पाहू, असे सून म्हणते.

दिवाळीनंतर स्नेही भेटले. नमस्कार झाला, चौकशी झाली. निघताना म्हणाले, "साहेब, धाकट्याला पेढीवर पगार सुरू केला. पहिल्या महिन्याचा चेक त्याच्या हातात दिला, तर तो माझ्याकडे बघतच राहिला." मी विचारले, "आणि थोरल्याचा?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्याचाही केला. जाईपर्यंत तरी तो पेढीवरच आहे ना."

माझ्या बोलण्यात किंवा लिहिण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.